भिंत उभी राहते, पाट कोरडा राहतो

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसविण्यात आली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर जमीन या धरणाच्या पाण्याने भिजेल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. १९८३ साली प्रकल्पास मान्यता मिळाली तेव्हा त्याचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. २००८ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला तेव्हा हा आकडा ७,७७७ कोटींवर पोहोचला होता. २०१६ साली तो १८,४९४ कोटी झाला. कोनशिला बसली त्या दिवशी जन्मलेले मूल २०२४ साली छत्तीस वर्षांचे झाले, आणि त्याच्या बापाच्या शेताकडे निघालेल्या कालव्यांची व वितरिकांची कामे तोवरही पुरी झालेली नव्हती. धरणाची भिंत उभी आहे, जलाशयात पाणी आहे, त्या पाण्यासाठी घरेदारे सोडणारी गावे उठून गेली आहेत. ज्या कारणासाठी हे सारे करावयाचे होते तेवढे मात्र पुरते झालेले नाही.

हे एकट्या गोसीखुर्दचे दुर्दैव असते तर विदर्भातील एका खात्याच्या ढिलाईची कहाणी म्हणून ते सोडून देता आले असते. परंतु दीडशे कोटींहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मार्च २०२४ च्या आढाव्यात १,८७३ प्रकल्पांपैकी ७७९ मुदतीच्या मागे रेंगाळले होते, ४४९ प्रकल्पांचा खर्च वाढला होता, आणि ही वाढ पाच लाख कोटी रुपयांच्या वर गेली होती. भारताबाहेरही चित्र फारसे निराळे नाही. मेधा पाटकर ज्याच्या एक सदस्य होत्या त्या जागतिक धरण आयोगाने २००० साली मोठ्या धरणांचा अभ्यास केला, तेव्हा खर्च अंदाजापेक्षा सरासरी ५६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली २४५ धरणांचा हिशेब मांडला. त्यात ही वाढ सरासरी ९६ टक्के निघाली. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग यांनी सोळा हजारांहून अधिक प्रकल्पांची माहिती जमविली. त्यांपैकी ठरल्या वेळेत व ठरल्या खर्चात पुरे झालेले प्रकल्प शेकडा साडेआठ. आणि वेळ, खर्च व लाभ ही तिन्ही वचने पाळणारे दोनशेत एक.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. अंदाज करणारा माणूस चुकतोच. पण प्रामाणिक चूक दोन्ही बाजूंना होते. कधी खर्च जास्त धरला जातो, कधी कमी. कधी लाभ कमी भरतो, कधी अधिक. येथे मात्र खर्च नेहमी कमी धरला जातो आणि लाभ नेहमी वाढवून सांगितला जातो. जी चूक पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने होते तिला चूक म्हणणे हे भोळेपणाचे आहे. ती पद्धत आहे, आणि त्या पद्धतीत कोणाचा तरी लाभ आहे.

भाववाढीचा बुरखा

सरकारी खुलाशात पहिले कारण भाववाढीचे असते. सिमेंट महागले, पोलाद महागले, मजुरी वाढली. मग खर्च वाढणार नाही तर काय? हे कारण एकदा हिशेबाला लावून पाहावे. १९८० च्या दशकाच्या आरंभापासून २०१६ पर्यंत देशातील घाऊक किमतींचा निर्देशांक सुमारे आठपट झाला. त्या प्रमाणात गोसीखुर्दचे ३७२ कोटी तीन हजार कोटींच्या आसपास जावयास हवे होते. ते अठरा हजारांच्या पुढे गेले. खर्च आठपट नव्हे, जवळजवळ पन्नासपट झाला. भाववाढीच्या माथी मारता येईल असा भाग त्यात सहाव्या हिश्श्याएवढाच आहे.

उरलेल्या वाढीतील काही भाग न्याय्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. भूसंपादनाचा मोबदला वाढला, पुनर्वसनाच्या तरतुदी सुधारल्या, प्रकल्पाच्या कक्षेत नवी कामे आली. परंतु शेतकऱ्याच्या जमिनीची योग्य किंमत व उठलेल्या गावाची पुन्हा वसणूक हे खर्च १९८३ साली अस्तित्वातच नव्हते काय? ते होतेच, फक्त ते सरकारच्या वहीत न लिहिता विस्थापिताच्या वहीत लिहिले गेले होते. लोकांनी चळवळी केल्या, न्यायालये गाठली, तेव्हा ते थोडेथोडे करून सरकारच्या वहीत आले. याला खर्च वाढला असे म्हणता येत नाही. लपविलेला खर्च उघड झाला असेच म्हटले पाहिजे. आणि या न्याय्य भागाच्या शेजारी जो अन्याय्य भाग आहे तोही सर्वश्रुत आहे. डाव्या कालव्याचे अस्तरीकरण निकृष्ट ठरल्याने ते काढून पुन्हा करावे लागले, चौकशी समित्या नेमाव्या लागल्या, कालव्यांच्या निविदांवरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला गुन्हे नोंदवावे लागले. एकच काम दोनदा करण्याचा खर्च कोणत्याही निर्देशांकात बसत नाही.

शिवाय भाववाढ हे विलंबाचे कारण नव्हे, ते विलंबाचे फळ आहे. सात वर्षांत पुरे होणाऱ्या कामास सात वर्षांचीच भाववाढ सोसावी लागते. छत्तीस वर्षे रेंगाळणाऱ्या कामाने छत्तीस वर्षांच्या भाववाढीकडे बोट दाखवावे, हे घर जाळून उन्हाची तक्रार करण्यासारखे आहे.

आधी पाय रोवा, मग पाहू

अंदाजपत्रक कमी का धरले जाते, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही. ते सत्तेच्या व्यवहारात सापडते. अर्थसंकल्पात नाव घालावयाचे तर आकडा लहान असावा लागतो आणि लाभक्षेत्र मोठे असावे लागते. एकदा नाव आले, भूमिपूजन झाले, भिंतीचा पाया भरला की प्रकल्प सोडून देणे कोणत्याही सरकारला शक्य नसते. इतके कोटी पाण्यात गेले, आता माघार कशी घ्यावयाची, असा युक्तिवाद मग सुरू होतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यतांची माळ लागते. सुधारित हा शब्द येथे मोठा विनोदी आहे. त्यात सुधारत जाते ती फक्त रक्कम.

या व्यवहाराला अर्थशास्त्रातूनही आधार मिळालेला आहे. अल्बर्ट हर्शमन या थोर अर्थशास्त्रज्ञाने १९६७ साली विकास प्रकल्पांचे निरीक्षण मांडताना ‘लपविणाऱ्या हाता’ची कल्पना पुढे केली. पुढे येणाऱ्या अडचणी आरंभी ठाऊक नसतात हे बरेच आहे, असे त्याचे म्हणणे. त्या ठाऊक असत्या तर माणसाने काम हातीच घेतले नसते. एकदा काम हातात घेतल्यावर अडचण आली की त्याची कल्पकता जागी होते आणि तो मार्ग काढतो. तत्कालीन पूर्व पाकिस्तानातील कर्णफुली कागद कारखान्याचे उदाहरण त्याने दिले होते. ज्या बांबूवर कारखाना उभा होता तो फुलोरा येऊन मेला, तेव्हा चालकांनी दुसरीकडून कच्चा माल शोधून काढला.

सिद्धान्त मनोवेधक आहे. पण त्यात एक प्रश्न विचारलेला नाही. अज्ञान कोणाचे आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल होते? कागदाच्या कारखान्यात बांबू मेला तर व्यवस्थापक धावपळ करतो. धरणाच्या योजनेत पुनर्वसनाचा हिशेब मेला तर धावपळ बुडितातील आदिवासी करतो. नर्मदेवरील सरदार सरोवराची कोनशिला पंडित नेहरूंनी ५ एप्रिल १९६१ रोजी बसविली; १९७९ साली लवादाने बुडिताआधी पुनर्वसनाची अट घातली; धरण पूर्ण उंचीने राष्ट्राला अर्पण झाले ते १७ सप्टेंबर २०१७ रोजी. या छप्पन्न वर्षांत अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीसारख्या गावांनी जी कल्पकता दाखविली ती जगण्याची होती, आणि ती त्यांना स्वखर्चाने दाखवावी लागली. कोयनेचे धरण पुरे होऊन साठ वर्षे उलटली तरी त्याच्या विस्थापितांच्या तिसऱ्या पिढीला जमिनीसाठी आंदोलनास बसावे लागले. अज्ञानाचे गुणगान करणे ज्याला परवडते तो धरणाच्या खालच्या अंगाला राहत असतो.

दहा चुली आणि एक मोळी

अंदाज खोटा असणे हा पहिला दोष. दुसरा दोष त्याहून मोठा, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. तो असा की, राज्याच्या कुवतीपेक्षा कितीतरी अधिक कामे एकाच वेळी सुरू केली जातात.

यातील अंकगणित शाळकरी मुलासही कळेल असे आहे. प्रत्येकी शंभर कोटींचे दहा प्रकल्प आहेत आणि वर्षाला शंभर कोटीच उपलब्ध आहेत, असे समजा. दहाही प्रकल्पांना दरसाल दहा-दहा कोटी वाटले तर सर्व प्रकल्प दहाव्या वर्षाच्या अखेरीस पुरे होतील. तोवर एकाही शेतात पाणी जाणार नाही. तेच पैसे एकेका प्रकल्पावर क्रमाने खर्च केले तर पहिला प्रकल्प पहिल्या वर्षी पुरा होईल आणि पुढली नऊ वर्षे पाणी देईल, दुसरा आठ वर्षे देईल, तिसरा सात. दहावा मात्र दहाव्या वर्षीच येईल; म्हणजे त्याचे नुकसान काहीच नाही. खर्च तोच, कामे तीच, आणि तरी प्रकल्पांच्या लाभाची पंचेचाळीस वर्षे अधिक मिळतील. भाववाढ, व्याज, कर्मचाऱ्यांचा खर्च आणि अर्धवट कामाची पावसाळ्यागणिक होणारी झीज यांचा हिशेब यात धरलेलाही नाही. दहा चुली मांडून एक मोळी दहांत वाटली तर एकाही चुलीवरची डाळ शिजत नाही, हे गृहिणीला कळते. ते राज्याच्या तिजोरीला कळत नाही असे कसे मानावे?

कळते, पण दहा चुली पेटविण्यात दहा भूमिपूजने असतात, दहा ठेकेदारांना आगाऊ उचल असते, दहा मतदारसंघांना आश्वासन असते. कृष्णा खोऱ्यात नेमके हेच घडले. बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्यास दिलेले ५६० टीएमसी पाणी २००० सालापूर्वी अडविले पाहिजे, या घोषणेखाली १९९६ साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, सरकारी हमीवर बाजारातून कर्जरोखे उभारले गेले आणि कामांचा सपाटा सुरू झाला. पाठोपाठ विदर्भासाठी व अन्य खोऱ्यांसाठी महामंडळे निघाली. पुढे काय झाले ते २०१२ साली राज्याच्या आर्थिक पाहणीनेच सांगितले. दशकभरात सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्च झाल्यावर सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेले होते. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्राने खात्याच्या आतील कारभार चव्हाट्यावर आला. सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ ५.१७ टक्के असल्याचा दावा केला. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आणि त्यानंतरच्या आर्थिक पाहण्यांत सिंचनाच्या टक्केवारीच्या रकान्यात वर्षानुवर्षे ‘उपलब्ध नाही’ असे छापले जात राहिले. रोग बरा झाला नाही, तापमापक तेवढा फोडून टाकण्यात आला.

या अर्धवट कामांतही एक क्रम दिसतो. भिंतीचे काम पुढे जाते, कालवा मागे पडतो, वितरिका त्याहून मागे, आणि शेतचारी तर कागदावरच राहते. याचे कारण उघड आहे. मातीकामात, काँक्रीटमध्ये व पोलादी दरवाजांत मोठी देयके निघतात; त्यांची छायाचित्रे चांगली येतात. शेतचारी खोदताना प्रत्येक बांधावर शेतकऱ्याशी बोलावे लागते, इंचाइंचाचा उतार साधावा लागतो, आणि देयक लहान निघते. पाण्याचा खरा लाभ मात्र त्या शेवटच्या चारीतूनच निघतो. भिंतीपासून चारीपर्यंतचे सर्व काम म्हणजे एक प्रकल्प. नियोजन मात्र त्यातील सर्वांत फायदेशीर तुकड्याचे केले जाते.

खासगी हाताचा दाखला

यावर एक तयार उत्तर गेली तीस वर्षे दिले जात आहे. सरकारला काही जमत नाही, म्हणून मोठी कामे खासगी भांडवलाकडे सोपवावीत, हे ते उत्तर. ते देणारे एक साधी गोष्ट विसरतात. गोसीखुर्दचा कालवा सरकारी मजुरांनी बांधला नव्हता. तो खासगी ठेकेदारांनीच बांधला होता. सरकारने केलेला अपराध निराळा. आखणी, तपासणी आणि मोजमाप ही जी कामे सरकारने स्वतःच्या हातात ठेवावयास हवी होती तीही त्याने ठेकेदाराच्या दारात नेऊन ठेवली.

आणि निखळ खासगी प्रकल्पाचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहेच. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये स्पर्धात्मक निविदा न मागविता एन्रॉनच्या कंपनीशी झाला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्यास कर्ज नाकारले होते. मृणाल गोरे यांच्यासह अनेक समाजवाद्यांनी त्याविरुद्ध तुरुंगवास पत्करला; तेव्हा त्यांची संभावना विकासविरोधी म्हणून करण्यात आली. २००१ साली वीजमंडळाला ती वीज घेणे अशक्य झाले, प्रकल्प बंद पडला, खुद्द कंपनीचे दिवाळे निघाले, आणि अर्धवट उभी यंत्रे पुढे सार्वजनिक कंपन्यांना व बँकांना सांभाळावी लागली. परदेशातील उदाहरण हवे असेल तर इंग्लंड व फ्रान्स यांना जोडणाऱ्या समुद्राखालील बोगद्याचे घ्यावे. संपूर्ण खासगी भांडवलाने उभारलेला हा बोगदा १९९४ साली सुरू झाला तेव्हा बांधकामाचा खर्च अंदाजाच्या ८० टक्के वर गेला होता, आणि २००६ साली त्या कंपनीला धनकोंपासून न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले.

तात्पर्य, मालकी कोणाची याने हा दोष आपोआप जात नाही. ज्याने अंदाज केला त्याला अंदाजाचा जाब नाही, आणि ज्याला परिणाम भोगावा लागतो त्याला हिशेब पाहावयास मिळत नाही. ही स्थिती जोवर आहे तोवर सरकारी प्रकल्पात तिजोरी लुटली जाईल आणि खासगी प्रकल्पात ग्राहक लुटला जाईल.

कोकण रेल्वेचा धडा

मोठे काम सार्वजनिक क्षेत्रात नीट होऊच शकत नाही काय? समाजवादी कार्यकर्त्याला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जावयास नको. नाथ पै यांनी लोकसभेत ज्या मार्गाचा ध्यास घेतला त्या कोकण रेल्वेची कोनशिला १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यास बसली. मधु दंडवते त्या वेळी अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि ई. श्रीधरन महामंडळाचे प्रमुख. केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के, असे भांडवल ठरले. दोनच महिन्यांत ते सरकार पडले. तरी काम थांबले नाही, कारण महामंडळाला स्वतःचे भांडवल, स्वतःचे अधिकार आणि एकच निश्चित काम होते. ७४१ किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे, सुमारे दोन हजार पूल. आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला.

हे यश निर्भेळ नव्हते, आणि ते निर्भेळ म्हणून सांगणे हा पुन्हा त्याच खोट्या अंदाजपत्रकाचा प्रकार होईल. पहिली मुदत १९९४ ची होती. ती तीन वर्षांनी चुकली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद झाला, केंद्राला काम थांबवून चौकशी करावी लागली. मऊ मातीतील बोगदे पुनःपुन्हा ढासळले, मजुरांनी प्राण गमावले. कर्जरोख्यांच्या व्याजाचा भार महामंडळाने पुढे वर्षानुवर्षे वाहिला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकी अनेकांची नोकरीच्या वचनाची तक्रार अजून ऐकू येते. घाईत कापलेल्या डोंगरउतारांची पुरेशी पारख झाली नव्हती, हे जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ पन्नासच्या आसपास प्रवाशांचे बळी गेल्यावर उमगले.

तरीही गोसीखुर्द आणि कोकण रेल्वे यांतील अंतर आठ वर्षे आणि छत्तीस वर्षे यांतील अंतर आहे. ते कशामुळे पडले? श्रीधरन यांच्यामुळे, असे सोपे उत्तर दिले जाते. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. पण एका पुरुषोत्तमाच्या नावावर सारे श्रेय जमा करणे ही पळवाटच होय. मग बाकीच्या खात्यांना अवताराची वाट पाहत बसण्याची सोय होते. खरी कारणे अनुकरण करण्यासारखी आहेत. महामंडळाकडे एकच काम होते आणि त्याच्यासाठी पैसा बांधलेला होता. निर्णयाचा अधिकार जागेवर होता. त्यासाठी फाईल मंत्रालयाचे जिने चढत नव्हती. जमिनीसाठी अधिकारी गावोगाव गेले. आणि मार्ग जसजसा तयार झाला तसतसे त्याचे तुकडे वापरात आले. १९९३ सालीच मंगळूर-उडुपी गाडी धावू लागली होती. रेल्वेच्या कामात रूळ अर्धवट सोडून पुलाचा उत्सव करता येत नाही. गाडी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर गेलीच पाहिजे. धरणाच्या कामात पाणी जलाशयापासून शेतापर्यंत गेलेच पाहिजे, हा नियम कोणी घातलाच नाही.

नियोजनवाद्यांची जबाबदारी

येथे समाजवाद्यांना स्वतःकडेही पाहावे लागेल. नियोजन हा त्यांच्या श्रद्धेचा विषय होता. पंचवार्षिक योजनांच्या काळात योजनेवर टीका म्हणजे प्रतिगाम्यांच्या हाती कोलीत, अशा समजुतीने अनेक विद्वान गप्प राहिले. योजनेचा आकार मोजला गेला, तिची तड मोजली गेली नाही. १९९६-९७ साली रखडलेले सिंचन प्रकल्प पुरे करण्यासाठी केंद्राला निराळा कार्यक्रम काढावा लागला. म्हणजे योजना पुऱ्या करण्याची योजना! या नामुष्कीचा फायदा नियोजनाच्या शत्रूंनी घेतला. २०१५ च्या आरंभी योजना आयोगाच्या जागी नीती आयोग आला, तेव्हा त्याच्यासाठी रस्त्यावर उतरावे असे कोणालाही वाटले नाही. योजना आयोग गेला. कोनशिला मात्र गेल्या नाहीत. २४ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या समुद्रात शिवस्मारकाचे जलपूजन झाले आणि स्मारक पाण्यावरच राहिले. १४ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे भूमिपूजन झाले. तिच्यासाठी जाहीर झालेले २०२२ साल उलटून गेले, गाडी आली नाही. राज्यकर्ते बदलले, रीत तीच राहिली.

दुसऱ्या बाजूस आंदोलनांतील कार्यकर्त्यांनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा दिली, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांना संघटित केले, आणि १९७६ साली महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. हे काम अमोल आहे. परंतु ‘मग धरण’ या घोषणेच्या उत्तरार्धाकडे दुर्लक्ष झाले. धरण कसे बांधावे, कोणत्या क्रमाने, कोणाच्या देखरेखीखाली, हा विषय अभियंत्यांचा म्हणून सोडून दिला गेला; आणि अभियंत्यांकडून तो ठेकेदारांनी उचलला. लाभक्षेत्रातील शेतकरी व बुडितातील शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करणे मग सोपे झाले. वस्तुतः दोघांचीही फसवणूक एकाच खोट्या अंदाजपत्रकाने केलेली असते.

म्हणून मागण्या स्पष्ट व मोजक्या असाव्यात. नव्या प्रकल्पाचे अंदाजपत्रक त्याच प्रकारच्या पुऱ्या झालेल्या प्रकल्पांच्या प्रत्यक्ष खर्चाशी व काळाशी ताडून पाहावे, आणि तसा तक्ता विधिमंडळापुढे ठेवल्याशिवाय त्यास मान्यता देऊ नये. सर्वेक्षण, पायाची तपासणी, भूसंपादन व पुनर्वसन यांवर खुशाल पाच वर्षे खर्च व्हावीत. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते, काँक्रीटमधली सुरुंगाने फोडावी लागते. रखडलेल्या कामांची क्रमवारी जाहीर करावी आणि तीतील वरची कामे पुरी होईपर्यंत नवी कोनशिला बसवू नये. ही क्रमवारी लावताना बलवान पुढाऱ्याचा मतदारसंघ वर येईल, ही भीती खरी आहे. विदर्भ, मराठवाडा व कोकण यांनी अनुशेषाचे चटके सोसले आहेत. थांबा या शब्दावर त्यांचा विश्वास बसणे कठीण आहे. म्हणूनच क्रमवारीचे निकष लेखी, जाहीर व अवर्षणग्रस्त भागाला झुकते माप देणारे असले पाहिजेत. सर्वांना एकदम काही नाही, यापेक्षा एकामागून एकाला पुरे, हाच दुबळ्या प्रदेशाच्या हिताचा मार्ग आहे. कारण रखडलेल्या कामांत सर्वांत शेवटी पडते ते दुबळ्याचेच काम.

आणि सर्वांत महत्त्वाची मागणी हिशेबाची आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला तळ्याच्या व रस्त्याच्या कामाच्या सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता. काही लाखांच्या पाझर तलावाचा हिशेब गावापुढे वाचावयाचा आणि काही हजार कोटींच्या धरणाचा मात्र गुप्त ठेवावयाचा, हे कोणत्या न्यायाने? बुडितातील व लाभक्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मूळ अंदाज, मूळ मुदत, आजवरचा खर्च, ठेकेदाराचे नाव आणि त्या गावाच्या वितरिकेची स्थिती मराठीत लिहिलेली असली पाहिजे, आणि वर्षातून एकदा अभियंत्याने मोजमाप पुस्तिका घेऊन ग्रामसभेपुढे उभे राहिले पाहिजे. त्यातून भ्रष्टाचार नाहीसा होईल असे नाही. पण तो करणाऱ्याला अंधार शोधावा लागेल.

हे काम सरकार आपण होऊन करणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिणारा, अंदाजपत्रक वाचता येणारा, फुटपट्टी घेऊन कालव्याच्या कडेने चालणारा कार्यकर्ता त्यासाठी तालुक्या-तालुक्यात तयार करावा लागेल. मोर्चाची घोषणा पाठ करण्यापेक्षा हे शिक्षण अवघड आहे आणि त्याला वर्तमानपत्रांत जागा मिळणार नाही. परंतु नियोजन या शब्दाला गेलेली पत परत मिळवावयाची तर ती दिल्लीतील एखादा आयोग पुन्हा स्थापून मिळणार नाही. वितरिकेच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्याच्या बांधावर ठरल्या वर्षी ठरलेले पाणी पोहोचले पाहिजे. ते पोहोचत नाही तोवर गोसीखुर्दची भिंत कितीही उंच असली तरी तो प्रकल्प पुरा झाला असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याला नाही, आणि ते निमूटपणे ऐकून घेण्याचा अधिकार समाजवादी कार्यकर्त्यालाही नाही.